मुर्दार होण्याआधी

रास अल खोर, दुबई
१२ डिसेंबर १९६४

ति. हलिमाबुबूस, धाकट्या भावाचा, अन्वरचा सलाम, वि. वि.

ईदनंतर तुझा निकाह ठरला ते समजलं. मुश्ताकभाई खरंच गोरे आहेत, की नुसते फोटोतच? मी येणार, इन्शाल्ला. मालक बोललेत, सुरमा नर म्हणून कामाला आला की तुला घरी पाठवतो. सुरमा म्हणजे मी हाताने दूध पाजून वाढवलेला उंट, कळपात बाकी सगळ्या माद्याच.

पण बुबू, तो आजारी पडलाय. चारा सोडलाय. दात खातो, फेस काढतो, आणि तोंडातून लाल फुग्यासारखं मांस बाहेर लोंबतं. मानेमागून काळं, घाण वासाचं पाणी गळतं. मालक सगळी माणसं घेऊन बुरैमीला गेलेत. विचारू कुणाला? अजून एक लक्षण आहे, ते तुला लिहवत नाही. अम्मीला विचारून लवकर कळव.

माया असू दे.
अन्वर

कर्ला, रत्नागिरी
३० डिसेंबर १९६४

चि. अन्वर यास, हलिमाची दुवा, वि. वि.

शाळा सोडलीस तरी अक्षर सुधारलंय. गोरे की काळे ते येऊनच बघ.

अम्मीला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणते, ताजबीची बकरी अशीच फेस काढून मेली, सगळी पुरावी लागली. जनावर आपसूक मरून मुर्दार होण्याआधी हलाल करावं, गोश्त गरिबाच्या तरी पोटात जातं. मालक मुसलमान आहे, समजून घेईल. तू हळवा, म्हणून सांगते, बिस्मिल्ला म्हण आणि मागे बघू नकोस.

आम्हांला दुव्यात ठेव.
हलिमा

रास अल खोर
२० जानेवारी १९६५

ति. हलिमाबुबूस, सलाम, वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हाही तो खात नव्हता. लाँचवरच्या आपल्या खलाशांनी पाय बांधले. सुरी मी चालवली. मी जवळ गेलो तर माझा हात हुंगत होता. गोश्त इफ्तारीला वाटलं. खलास.

काल मालक आले. मी सगळं सांगितलं, तुला लिहिलं नव्हतं तेपण, की तो माद्यांच्या मागे लागायचा. मालक वाळूत खाली बसले. म्हणाले, थंडी पडली की वयात आलेला नर असाच करतो, चारा सोडतो, माद्यांना दाखवायला तो फुगा बाहेर काढतो. तो आजारी नव्हता, जवान झाला होता.

मारलं नाही मला. नुकतं जन्मलेलं एक पिल्लू आणून पुढ्यात उभं केलं. म्हणाले, याला वाढव, हा नर झाला की तू घरी जा.

त्याला पाच-सहा वर्षं लागतात, बुबू. निकाहात माझ्यासाठी थांबू नका. अम्मीला यातलं काही सांगू नकोस.

आठवण काढत जा.
अन्वर