स्वल्पविरामासकट

प्रिय वाचनबाई,

छापखान्यात सगळे तुला याच नावाने ओळखायचे, म्हणून मायना असा. तू इस्पितळात गेलीस तशी औषधकोशाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं टेबलावर पडून आहेत. मालकांनी दुसरी वाचणारी पाठवली होती. पोरगी पदवीधर, चुणचुणीत. पण ‘टिंब पाच’ म्हणाली. मी म्हटलं, बाई गं, आधी शून्य म्हण. ते नसलं आणि टिंब पुसट उठलं, तर अर्ध्या मिलिग्रॅमचे पाच होतात. ‘काका, टिंब दिसतंय की ढळढळीत,’ म्हणाली. दुसऱ्या दिवशी फिरकलीच नाही.

तुझं वाचन कानात बसलेला माणूस मी, मला कोण पुरणार? मूळ प्रत तुझ्या हातात, छापील माझ्यासमोर. स्वल्प, पूर्ण, कंस सुरू, कंस बंद. औषधाचं नाव अक्षरं फोडून, मात्रा एकदा सुलटी आणि एकदा उलटी. शाळा माझी अर्ध्यात सुटली. जे काही औषधशास्त्र येतं ते तुझ्या आवाजातून आत गेलेलं. चारचौघांत मात्र मी ‘स्वतःच शिकलो’ असं ठणकावून सांगतो आणि तू शेजारी बसून चष्मा पुसत राहतेस. घरीही तुझी ती सवय सुटली नाही. बटाटे, स्वल्प, कांदे, स्वल्प, असं सांगून तू मला बाजारात पिटाळायचीस. भांडण झालं की ‘पूर्ण’ म्हणून उठायचीस. त्यापुढे बोलायची माझी टाप नव्हती.

घशाच्या प्रकरणात खिळे लावताना जुळाऱ्याने ‘स्वरयंत्र’चं ‘स्वरमंत्र’ करून ठेवलं होतं, आठवतं? तू हसून हसून बेजार. राहू द्या हो, चांगलं दिसतंय, म्हणालीस. मी फुली मारली आणि समासात ‘य’ काढला. संदर्भग्रंथात गंमत चालत नाही, असंही वर ऐकवलं.

परवा तेच पान काढलं. डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं ते सगळं तिथे आहे: बसलेला आवाज, गिळताना अडकणं, मग पुढचं. ओळीओळीखाली पट्टी धरून वाचलं. आयुष्यभर चुका शोधल्या त्या नसाव्यात म्हणून. त्या पानावर एखादी असावी म्हणून शोधत होतो. एखादा आकडा उलटा पडलेला, एखादा ‘नाही’ गळालेला. सापडलं नाही काही. तू वाचलेलं आणि मी तपासलेलं पान ते, चूक राहणार कुठून?

लेक म्हणत होती, आईचा आवाज फोनवर भरून ठेवू. तू मान हलवलीस. समोर मजकूर असल्याशिवाय मला बोलायला सुचत नाही, म्हणालीस. लेक बाहेर जाऊन रडली. मी तिथेच बसलो होतो, तुझ्या उशाचा तांब्या उगाच इकडचा तिकडे करत.

म्हणून हा मजकूर. उद्या सकाळी ते तुझं स्वरमंत्र काढतील. आज दुपारी भेटीच्या वेळेला मी येईन. ही प्रत तुझ्या हातात देईन, दुसरी माझ्याकडे असेल, पेन्सिलही असेल. लेकीचा फोन उशीपाशी राहील, त्याच्याकडे बघायचं नाही. तू फक्त वाच. सावकाश वाच, घसा दुखला तर थांब, पाणी पी. स्वल्पविरामासकट वाच. चूक दिसली की थांबून नेहमीसारखं ‘अहो, इथे बघा’ म्हण. ते ऐकायला मिळावं म्हणून हयातीत पहिल्यांदा एक चूक जाणूनबुजून ठेवली आहे. मी ती दुरुस्त करणार नाही. आणि शेवटच्या ओळीला चिन्ह दिलेलं नाही, तेव्हा तिथे ‘पूर्ण’ म्हणायचं नाही, खाली सहीच्या वर जो शब्द आहे तो माझ्याकडे बघून म्हणायचा

तुझाच
प्रुफवाला