टॅपेटची टकटक

पुतळी,

पेणला जातोय. दिनानाथशेठना सांगतो, तुमची जुनी स्पोर्ट्स कार घेऊन जा, माझ्याच्यानं होणार नाय.

इंजिनाची टकटक जावी म्हणून टॅपेट तीनदा लावले. रॉकर झिजलेत, तिथं फट मोजायची गेजची पाती फसवते, शेवटचा गॅप कानानंच धरावा लागतो. मला इंजिन गप्प झालेलं वाटलं. काल चहा देताना तू म्हणालीस, "शिवणाच्या मशीनसारखी टकटक हाय अजून." तू गेल्यावर स्क्रूड्रायव्हर चालू इंजिनावर टेकवून कानाला लावला. काय सुदिक ऐकू आलं नाय.

कोण गाडी घेऊन आलं तर गॅरेज बंद झालं म्हणून सांग.

जेवायला हाक मारली तर मी ओ देत नाय म्हणून तू रागावतेस. मला वाटायचं, तू हाक मारायचीच सोडलीस.

काळुराम