सनईच्या तोंडातला फडका

बाबा, तुमचा धाकटा परवा मुंबईहून साकोलीला आला, तो नवी कॅसेट घेऊन. अजून दुकानात यायची आहे. त्यांच्या बँडची. बँड म्हटल्यावर तुमच्या कपाळाला आठी पडेल, म्हणून आधीच सांगते, हा लग्नातला बँड नाही. एक जण सॅक्सोफोन फुंकतो, आपला पोरगा विजेवर चालणारी पेटी वाजवतो, आणि ठेका कोणी माणूस देत नाही, मशीन देतं. जॅझ म्हणतो तो, पण नुसतं जॅझही नाही म्हणतो. मला त्यातलं फारसं कळत नाही. तुमच्या चिखल्याच्या खाणीत लांबून ट्रॉली यावी तशी घरघर आधी ऐकू येते, आणि त्या घरघरीतून सॅक्सोफोनवर तुमची चाल वर येते.

चाल मीच दिली त्याला, थोरली बहीण म्हणून. गेल्या उन्हाळ्यात मागे लागला, बाई, बाबा वाजवायचे ते गुणगुण. त्याच्या जन्माआधीच तुम्ही सनई खाली ठेवली होती. धम्माची दीक्षा घेतल्यावर वस्तीनं ठरवलं, आता कोणाच्या दारात वाजवायचं नाही. पाटलाचा माणूस आला, "येवढं एक लगन वाजवून दे, मंग सोड." तुम्ही उंबऱ्यातूनच म्हणालात, "आता आमची फुंक आमच्यापाशी." मी तुमच्या मागे धोतर धरून उभी होते. लग्नांना तुम्ही मला कधी नेलं नव्हतं. मांडवाबाहेर उभं राहून वाजवायचं आणि सगळ्या पंगती उठल्यावर लांब बसून जेवायचं, ते मी पाहू नये म्हणून. हे आईनं खूप नंतर सांगितलं.

मग गाव सुटलं, तुम्ही खाणीत लागलात आणि चिखल्याच्या कॉलनीतली ती खोली आली. मी साकोलीत नुकतीच शाळेत शिकवायला लागलेली, रविवारची घरी आलेली. आई चुलीपाशी आहे, धाकटा अजून व्हायचा आहे. तुम्ही पाळीवरून येता, हातपाय धुता, दार लावता, तांदळाच्या कोठीमागून सनई काढता. तिच्या तोंडात फडका कोंबता आणि भिंतीकडे तोंड करून वाजवता. आवाज उशीखालून आल्यासारखा. मधेच खोकला येतो, तुम्ही थांबता, परत तिथूनच उचलता.

"बाबा, फडका काढा नं."

"काहून? कॉलनीले सांगू का, वाजंत्री आला म्हनून?"

तेवढ्यात आई, "राहू दे तो फडका. नाही तं आयकत बसीन अन् माही डाळ शिजाची नाही." तुम्ही हसलात. पण तुमच्या त्या 'वाजंत्री'ची धार मला अजून लागते.

परवा जेवताना धाकट्यानं विचारलं, "कव्हर छापाले जाऊन राहिलं, बाई. बाबाचं नाव टाकू का? सनईवाले म्हनून?"

जे नाव तुम्ही त्या सनईपासून सोडवून घेतलंत, ते मी पुन्हा तिला बांधू? आणि नाही म्हटलं, तर ती चाल आली कुठून? उद्या कोणी म्हणेल, मुंबईच्या पोरांनी बनवली. मी भलतंच विचारलं, "तुम्ही जेवता केव्हा रे?"

"कोन?"

"तुम्ही. वाजवणारे."

"वाजवून झाल्यावर."

"सगळ्यांच्या मागून?"

तुमचं लांब बसून जेवणं त्याला माहीत आहे, मीच कधीतरी सांगितलेलं. "लोकं तिकीट काढून येतात, बाई. जेवाले त्यांच्याच टेबलावर बसतो. वरून चव नाही म्हनून भांडतोबी."

मी हसले नाही. तू जायच्या आधी सांगते म्हटलं.

काल दुपारी तो बसचं तिकीट बघायला गेला, तेव्हा कॅसेट लावली. स्वच्छ, मोकळा आवाज, खोकला नाही. तीच चाल, पण तुम्ही कुठे दिसेनात. वाटलं, मी चुकीचंच गुणगुणले असेन, मग कोणाचं नाव टाकायचं? परत लावली. मग काय सुचलं कोण जाणे, पदराची घडी केली आणि टेपच्या जाळीवर दाबून धरली. आवाज उशीखालून आल्यासारखा झाला, आणि तुम्ही सापडलात.

तुम्ही आता नाही, तुम्हाला विचारायची काही सोय नाही. हा कागद कुठल्या पेटीत टाकणार? आज सकाळी धाकट्याला बसमध्ये बसवलं. तो खिडकीतून म्हणाला, "मंग?" मी म्हटलं, टाक नाव. पूर्ण टाक, आणि पुढे सनईवाले नाही, नुसतं सनई लिही.

पदराचं मात्र त्याला सांगितलं नाही.