पिवळं डुक्कर

३ ऑक्टोबर १९४२

विमान पडलं! आमच्या बेटासमोर, धुक्यात, थेट समुद्रात. मी कोंबड्यांना बटाट्याची सालं टाकत होते. आधी घरघर, मग खोकल्याची उबळ, मग धप्प. मग काहीच नाही.

मी वळून बघेपर्यंत माझा पोरगा कोलमन आमची हलकी कापडी होडी डोक्यावर घेऊन किनाऱ्याकडे निघालासुद्धा. "अरे, आधी चहा पिऊन जा!" मी ओरडले. चहाचं निमित्त. त्याला थांबवायचं होतं, दुसरं काय.

दुपारी आला. होडीत एक लांबलचक गोरा पोरगा, ओठ निळे. मागे दोरीला बांधलेली एक फुगलेली पिवळी वस्तू. विमान गेलं तळाला, हा त्या पिवळ्यात बसून तरंगत होता म्हणे.

सोर्खा लिहिता लिहिता हसते आहे. सूनबाई, हसणं लिहायचं नाही, मी सांगते तेच लिहायचं.

४ ऑक्टोबर

त्याचं नाव विल्फ्रेड. इंग्रज. मला त्याची भाषा येत नाही, त्याला आमची आयरिश. पण सकाळपासून अकरा बटाटे खाल्ले पठ्ठ्याने, तेवढं मला कळतं! कोलमनची जुनी विजार त्याला गुडघ्यापर्यंतच येते. गावातल्या सगळ्या पोरींना आजच नेमकं माझ्याकडे मीठ मागायचं होतं.

संध्याकाळी त्याने चुलीजवळचा भाता उचलला आणि ते पिवळं पुन्हा फुगवून दाखवलं. कोंबडा जो पळाला तो चर्चच्या भिंतीवर जाऊन बसला. किती दिवसांनी इतकी हसले! बरगड्या दुखल्या.

५ ऑक्टोबर

हसून झालं. आता खरं सांगते.

समुद्राच्या तोंडातला माणूस काढला, तर समुद्र काढणाऱ्याला मागतो. हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझा भाऊ मार्तिन. त्याने एक खलाशी काढला. पुढच्या उन्हाळ्यात मार्तिन गेला. बास, एवढंच.

कोलमन म्हणतो, "आई, बुडणाऱ्याला काय सांगू, माझ्या आईला विचारून येतो?"

सोर्खा म्हणते, "अहो आई, अख्खं विमान गिळलंय समुद्राने. पोट भरलं असेल की त्याचं."

लोखंड खाऊन कुणाचं पोट भरतं?

८ ऑक्टोबर

टपालाच्या बोटीतून दोन पोलीस आले. आपला देश या लढाईत नाही, म्हणून नियमाने असा सैनिक डांबून ठेवायला हवा. पण विल्फ्रेडला गुपचूप सीमेपलीकडे, इंग्रजांच्या हद्दीत सोडतील, असं कोलमनच्या कानात सांगून गेले. जाताना विल्फ्रेडने माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. पोलिसांसमोर! मी म्हटलं, "मेल्या, साठ वर्षं उशिरा आलास." कोलमनने ते त्याला सांगितलं. पोरगा लाल.

ती फुगवायची पिवळी रबरी होडी कोलमनला देऊन गेला.

९ ऑक्टोबर

मी कोलमनला म्हटलं, ती समुद्राची आहे, समुद्रात टाक. त्याचं त्याला परत जाऊ दे, हिशेब मिटेल.

"चांगली वस्तू आहे, आई. खेकड्यांच्या टोपल्या टाकायला खडकांजवळ जातो तेव्हा मागे बांधीन."

बांधतोस काय! मी अंगणात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आमच्या घरी एक पिवळं डुक्कर आलंय हो!"

झालं. कोळ्याने होडीत त्या जनावराचं नावसुद्धा काढायचं नसतं. वाटेत दिसलं तरी आमचे पुरुष जाळी घेऊन घरी परततात. तासाभरात सगळं बेट त्या होडीला डुक्कर म्हणायला लागलं. आता कोण नेतो बघू!

कोलमन माझ्याशी बोलत नाही. मी खूश.

१३ ऑक्टोबर

शेजारचा फेस्टी दारातूनच विचारतो, "काकू, तुमचं डुक्कर काय खातं?"

म्हटलं, "तुझ्यासारखे रिकामटेकडे."

१९ ऑक्टोबर

डुक्कर गोठ्याच्या मागे चपटं पडून आहे. कोलमन रोज समुद्रावर जातो, रोज परत येतो. मी रोज दारात उभी राहते. सोर्खाला सांगते, गुडघ्यांना हवा हवी असते.

२३ ऑक्टोबर

भाता सापडत नाही. चूल फुंकून फुंकून डोळ्यांत राख गेली. ठेवला कुठे, विचारलं तर सोर्खा म्हणते, मला काय माहीत. हिला घरातली एक वस्तू जागेवर ठेवता येत नाही. लिही, लिही! तसंच्या तसं लिही.

२४ ऑक्टोबर

वारा फिरला. फेस्टीची होडी आली. बाकीच्यांच्या आल्या.

कोलमन आला नाही.

२५ ऑक्टोबर

काल पुढे सांगवेना, आणि सोर्खालाही लिहवेना. दोघी दारात उभ्या होतो. मी मनात समुद्राला म्हणत होते, मला घे, म्हातारी आहे, पण खारवलेली आहे, टिकेन.

उजाडताना फेस्टी पळत आला. बूट एकाच पायात. "काकू! डुक्कर येतंय! पाण्यातून डुक्कर येतंय!"

खडकांमागून पिवळं काहीतरी लाटांवर वरखाली. त्यात माझा पोरगा, मांडी घालून, हातांनी पाणी मारत! आमची डांबर लावलेली कापडी होडी खडकावर फाटली. हा मागच्या पिवळ्यात चढला. चोरून नेत होता मेला, दोन दिवसांपासून! भाताही यानेच पळवला होता, गोठ्यामागे लपून फुगवायला, आणि मग होडीतच ठेवला होता.

मी कमरेएवढ्या पाण्यात गेले म्हणे. मला आठवत नाही. एवढं आठवतं, की आधी त्याच्या कानाखाली दिली आणि मग त्याला सोडलंच नाही.

दात वाजत होते तरी म्हणतो, "आई, भाता बुडाला."

"बुडू दे!"

दिवसभर घर भरलेलं. फेस्टीने व्हायोलिन आणलं. सोर्खा नाचली, मी काठीने ताल धरला. समुद्राला त्याचा वाटा पोचला. होडी, दोन्ही वल्ही आणि माझा भाता. घे बाबा, आणि आता गप्प बस.

सोर्खाची माफी मागितली. भात्यासाठी. ती म्हणते, दोनदा लिहू द्या. एकदाच मिळेल.

२६ ऑक्टोबर

ते पिवळं गोड्या पाण्याने धुऊन चुलीवरच्या खुंटीला टांगलं. आजपासून त्याला कुणी डुक्कर म्हणायचं नाही. त्याचं नाव विल्फ्रेड. नवी होडी घेऊन कोलमन समुद्रावर निघाला की मी स्वतः विचारणार, "विल्फ्रेडला घेतलंस का?"