काठोकाठ भरलेला पेला

चि. मुअत्तर हिस आजोबांचे अनेक आशीर्वाद.

काल कोकंदच्या चहाखान्यात आम्ही इल्योस-अकांच्या चाहत्यांनी तू घेतलेली त्यांची मुलाखत टीव्हीवर पाहिली. त्या थोर नटाचे वाक्य मध्येच तोडून तू त्यांचा पेला काठोकाठ भरलास.

"भरलेला पेला? म्हणजे निघा आता, असंच सांगितलं की बयेनं," शेजारी बसलेला एर्गाश म्हणाला. "कुणाची रे ही पोर?"

"माझी नात," मी म्हणालो.

 मग एर्गाशने माझ्या पेल्यात दोनच घोट चहा ओतला, थांबवून घ्यायच्या पाहुण्याला ओततात तसा. "बसा, अका."

लहानपणी तू हट्टाने भरलेला पेला मागत असस, आणि मी देत असे.

तुला बोल लावणारे आधीच पुष्कळ आहेत, म्हणून हे पत्र मी धाडणार नाही. घरी येशील तेव्हा तुझा पेला अर्धाच भरीन, आणि तो संपला की पुन्हा अर्धा.

तुझा आजोबा,
सोबीरजोन