सुरूच्या झाडाची खूण

बाबा, काकाचा उजवा हात मी मोडला. दुसऱ्या कुणाकडून तुला कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते. तुला आता कुणीच काही सांगायला येत नाही हे मला ठाऊक आहे, तरी. काका म्हणजे आपलाच, तुझा सख्खा भाऊ नसून सख्ख्याहून जास्त असलेला. तुझ्या बोटीवर जन्मभर तुझ्यासमोर बसून जाळं ओढणारा. तू गेल्यावर बोट त्यानेच चालवली. मी पोलीस भरतीसाठी एडवणच्या वाळूत धावायचे तेव्हा हातात घड्याळ धरून तोच उभा असायचा आणि मी मागे पडले की मुद्दाम दोन सेकंद कमी सांगायचा. त्याचाच हात. मनगटाच्या थोडा वर, दोन जागी.

कसं झालं ते सांगते. आता मी किनाऱ्यावरच्या गस्तीत आहे. अणुकेंद्रासमोरच्या पाण्यात बोट घालायला बंदी आहे हे तुला नवीन नाही. पण त्या आठवड्यात वरून इशारा आलेला, अनोळखी बोट दिसली तर गाफील राहू नका म्हणून. भर दुपार होती, समुद्रावर पांढुरका धूर धरल्यासारखं झालेलं, आणि हद्दीच्या बऱ्यापैकी आत इंजिन बंद करून एक बोट उभी. साहेबांनी भोंग्यावरून हात वर करा म्हणून सांगितलं. एकाने केले. दुसऱ्याने उन्हासाठी डोक्याला-तोंडाला पंचा गुंडाळला होता. तो खाली वाकला आणि त्याने फळीखाली हात घातला. मी तोवर त्यांच्या बोटीवर उडी मारली होती. काठी उचलली आणि मारली. तो खाली बसला, हातातून प्लास्टिकची पिशवी पडली, आणि पिशवीत होतं सरकारनेच दिलेलं मच्छीमाराचं ओळखपत्र. पंचा सरकला. ‘पोरी, मी हाय,’ काका म्हणाला. जबाबात मी हे याच क्रमाने लिहिलं आहे.

त्याला बोईसरच्या दवाखान्यात मीच घेऊन गेले, वर्दीतच. एक्स-रेच्या रांगेत पुढे एक कारखान्यातला माणूस होता, त्याच्या बोटांना फडकं बांधलेलं. त्याने काकाच्या हाताकडे बघून अगदी आपुलकीने विचारलं, ‘चाचा, मशीन में आया क्या?’ काकाने माझ्याकडे पाहिलंही नाही. ‘हां, मशीन में,’ म्हणाला. मग दोघं कुठलं मशीन कसं वाईट यावर बोलत बसले. ज्या माणसाने आयुष्यात कारखान्याचं फाटक ओलांडलं नाही तो त्याला प्रेस मशीनच्या गोष्टी सांगत होता! मला हसू येत होतं आणि तोंड कुठे लपवावं तेही कळत नव्हतं. प्लास्टर घालताना तो एकदाच कण्हला, तेही डॉक्टरने हात हलवू नका म्हणून दटावल्यावर, जणू त्याचीच चूक.

खरी अडचण पुढे होती. बोट जप्त झाली होती. कागदावर प्रश्न एकच, हद्दीत मुद्दाम शिरले की चुकून? मुद्दाम ठरलं तर बोट सुटत नाही आणि परवानाही जातो, म्हणजे काकाचं घर आणि त्याच्या मुलाचं घर दोन्ही बसली. काकाचं म्हणणंही एकच. ‘तुझ्या बापाची खूण मी सोडली नाय. इंचभर नाय सोडली. लाइन सरकवली असंल तर तुमी सरकवली.’ मी त्याला मोबाइलवर नकाशा दाखवला, हद्द होती तिथेच आहे म्हणून सांगितलं. त्याने नकाशाकडे असं पाहिलं जसं तू माझ्या प्रगतिपुस्तकाकडे पाहायचास, मान हलवून, आदराने, एक अक्षर न मानता. आमचे साहेब घाटावरचे. माणूस वाईट नाही. पाण्याची त्यांना मनातून भीती आहे आणि ती लपवायला ते सारखं लाइफ जॅकेटचे पट्टे आवळतात. ते म्हणाले, ‘तुमचे काका खरं बोलतायत असं मलाही वाटतं. पण शंभर बोटी चुकून येतात म्हणून सोडल्या आणि एकशे एकावी तसली निघाली तर? मागे काय आहे बघा ना.’ मागे काय आहे ते मी रोज बघते. आपल्या घरापासून किती लांब आहे तेही मला माहीत आहे.

तुलाही हे पटलं असतं. समुद्रातून बंदुका घेऊन माणसं मुंबईत उतरली, त्यानंतरचे दिवस मला आठवतात. टीव्हीवर सांगत होते की ती मासेमारी बोटीतून आली आणि बोटीवरचे लोक त्यांनी मारले. तू जेवताना थांबलास. ‘त्या बोटीवरपन कुणीतरी असाच जेवत असंल,’ एवढंच म्हणालास. मग कार्डं आली, बोटींना रंग ठरवून दिले, रोज नाव लिहून जायचं आलं. गावात कुरकुर झाली, तू केली नाहीस. सगळ्यात आधी जाऊन अंगठ्याचे ठसे देऊन आलास. ‘त्यांनापन घर राखायचं हाय,’ म्हणालास. मला पोलिसात जा म्हणणाराही तूच. आई महिनाभर तुझ्याशी बोलली नव्हती.

आणि ती खूण. मी आठ-नऊ वर्षांची आहे, परकराचा ओचा खोचून तुझ्या बोटीत बसले आहे, ओकून ओकून पोट रिकामं झालं आहे. तू इंजिन बंद करतोस आणि किनाऱ्याकडे बघतोस. बांधावरचा सगळ्यात उंच सुरू आणि मागे गावातल्या देवळाचा कळस. झाड सरकत सरकत कळसावर येतं, कळस झाकला जातो, की आपण जागेवर. मग दोरीला शिसं बांधून खोली बघायची, खाली खडक लागला की जाळं सोडायचं. मला एवढा आनंद होतो की मी बोट दाखवून ओरडते, ‘झाकला, झाकला!’ शेजारून दुसरी बोट जात असते. तू माझ्या हातावर फटका मारतोस. तेवढा एकच फटका तू मला आयुष्यात मारलास. ‘खूण बोटाने दाखवाची नसते. हनवटीने दाखवाची. आपल्या आज्याची हाय ती.’ परत येताना माझी समजूत काढायला तू स्वतः हनवटी वर करून ती मला पुन्हा दाखवतोस आणि म्हणतोस, ‘आता ती तुझीपन झाली.’ मुलीला खूण दिली म्हणून गावात लोक तुला हसले होते हे मला फार नंतर कळलं.

त्या झाडाचं काय झालं ते तू पाहिलं नाहीस. तू होतास तेव्हा बांधापलीकडे क्रिकेट खेळण्याएवढी वाळू होती. आता भरतीला लाट बांधावर येते. वादळंही आता वेळ-काळ बघत नाहीत. ऐन बोंबील सुकायच्या दिवसांत पाऊस येतो आणि बांबूंवरचे बोंबील काळे पडून कुजतात. पाणी तापलंय, पापलेट लांब गेलं, मोठ्या बोटीवाले त्याच्या मागे जातात आणि काकासारखे इथेच किनाऱ्यालगत चाचपडतात. तीन वर्षांमागे एका वादळात बांध ढासळला आणि तो सुरू मुळासकट समुद्राच्या बाजूला पडला. मी सुट्टीवर घरी होते. पडल्यावर बायका फांद्या तोडून जळणाला घेऊन गेल्या, मीही आईला दोन फांद्या आणून दिल्या. मग काकाने आणि इतरांनी काय केलं? मागच्या रांगेतला त्यातल्या त्यात उंच सुरू धरला आणि खूण तीच आहे असं समजून कळस त्याच्याआड झाकायला सुरुवात केली. दहा-बारा पावलं मागे आणि तेवढीच बाजूला. जमिनीवर दहा पावलं म्हणजे काय, पण एवढ्या लांब समुद्रात ती वाढत वाढत जातात आणि तुला सरळ अणुकेंद्राच्या हद्दीत नेऊन ठेवतात. काका जाळं टाकायचा, खाली खडक लागायचा नाही, मासा मिळायचा नाही, आणि तो म्हणायचा, खडकावर गाळ बसला, मासा पळाला. मासा पळाला हे खरंच. पण जो राहिला होता तोही तो चुकीच्या जागी शोधत होता.

हे सगळं मला सुचलं रविवारी, आईकडे चहा पिताना, मागच्या दारातून तो दुसरा सुरू दिसला तेव्हा. सोमवारी मी साहेबांना म्हटलं, पुन्हा एकदा माझ्याबरोबर पाण्यात चला. ते पट्टे आवळून आले. मी सुकाणूवरच्या हवालदाराला सांगत गेले, थोडं डावीकडे, अजून, आणि आताचा सुरू कळसावर आला तिथे थांबवलं. यंत्रावर आकडा बघितला तर आम्ही हद्दीच्या आत, काकाला पकडलं जवळजवळ तिथेच. मग मी साहेबांना पडलेल्या झाडाची जागा दाखवली. बांधाचं भगदाड अजून दिसतं. झाड तिथे आहे असं धरून आम्ही बोट हलवली, शिसं सोडलं, आणि खाली खडक लागला. हद्दीच्या चांगलं बाहेर. साहेबांनी यंत्रावरचा आकडा पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाले, ‘मग आता मी काय करू, झाडावर गुन्हा नोंदवू?’ पण लिहिताना ते हसत नव्हते. सगळं नीट लिहून घेतलं, आकड्यांसकट, नकाशासकट.

बाबा, तेव्हा मी बोट दाखवलं. हनवटीने साहेबांना कळलं नसतं. तीन पोलिसांसमोर, सरळ हात करून. आज्याची खूण आता सरकारी फायलीत आहे, कुणीही मागवून घ्यावी. हातावर फटका बसेल असं मला क्षणभर खरंच वाटलं. बसला असता तर बरं वाटलं असतं.

बोट सुटली. काल काका सही करायला आला होता, डाव्या हाताचा अंगठा दिला. त्याचा मुलगा माझ्याशी बोलत नाही आणि ते बरोबरच आहे. काका बोलला. म्हणाला, सुटलं ना सगलं, आता तू जेवत जा नीट. पुढच्या हंगामात तो हात जाळं ओढेल की नाही हे डॉक्टरलाही सांगता येत नाही. त्याने त्याचा जबाब मला वाचायला सांगितला, चष्मा नव्हता म्हणून. त्यात होतं, मी तोंडाला पंचा बांधला होता, मी काहीच बोललो नाही, काठी लागल्यावर मी पोरीला हाक मारली. साहेबांनी त्याखाली रेघ ओढली होती, माझ्या जबाबाशी जुळतं म्हणून. मी वाचून दाखवलं. ‘बरोबर हाय ना?’ काकाने विचारलं. मी म्हटलं, बरोबर.

हा कागद मी तुझ्या फोटोमागे ठेवायचं म्हटलं होतं, पण आई तिथे पुसायला हात घालते. वर्दीच्या पेटीत ठेवेन, किंवा तेही नाही. त्या दुपारी साहेब बघत होते, मागे आमच्या बोटीवर सगळे उभे होते, काठीचा हात वर गेलेला होता आणि तो मला न मारता खाली आणता आला असता. हाक काठीच्या आधी आली होती, बाबा. मला आवाज ओळखता आला होता.