क्लूनी होडीत काय म्हणाला

प्रिय लिअँडर,

तुझा निरोप तुझ्या दादाने, क्लूनीनेच सांगितला. हृदय अडलं की झटका देणाऱ्या तुझ्या छातीतल्या डबीची बॅटरी संपत आली तरी तू ती बदलून घेणार नाहीस म्हणे. "दादाचे हाल ऐकले, तेवढे पुरे." एवढं सांगून तो ताटावरून उठला आणि भर धुक्यात कुंपण रंगवायला गेला. इथे आठवडाभर खाडीपलीकडचं काही दिसत नाही. मासळी मात्र बरी आहे. तुझ्यासाठी कॉड मासा खारवून ठेवलाय.

तू तिकडे दूर अल्बर्टात, म्हणून तुला फक्त हाल कळले. बाकीचं मी सांगते. बॅटरी संपत आली म्हणून त्याची डबी रोज नाश्त्याच्या वेळी वाजायला लागली तेव्हा आम्ही हसायचो. "माझा कोंबडा आरवला," म्हणत तो पावाला काकवी लावायचा. सेंट जॉन्सच्या इस्पितळात डबी बदलली आणि त्याच संध्याकाळी तो घरी आला. मग जखम लाल झाली, फुगली, ताप चढला. जंतू तारांपर्यंत पोचले होते. वर्षानुवर्षं हृदयात रुतलेल्या तारा ओढून काढाव्या लागल्या, त्यात तो जाता जाता वाचला. पुढे कित्येक दिवस छाती रिकामी, अंगात वरून झटका देणारं जाकीट, आणि नर्सच्या नजरेखाली पडून राहणं. मी उशाशी बसले की म्हणायचा, "डल्सी, आत कोणीतरी राहत होतं, ते घर सोडून गेलंय बघ." तो आवाज मला त्याचा वाटायचा नाही.

डॉक्टर फर्लाँगबाईंनी काही लपवलं नाही. म्हणाल्या, "डबी बदलली की शंभरातल्या काहींच्या नशिबी हे येतं, आणि दर खेपेला धोका थोडा वाढतो. बहुतेकांचं सुरळीत पार पडतं. पण तुमच्या घरातले पुरुष डबीशिवाय किती जगले, ते तुम्हीच आठवा." आठवायला कशाला हवं? टेकडीवर सगळे शेजारी शेजारी निजलेत. क्लूनीच्या वयाला पोचलेला त्यात एकही नाही. शेवटी उजव्या बाजूला नवी डबी बसवून तो घरी आला.

गेल्या महिन्यात आम्ही दोघं गळ टाकायला गेलो. वारा पडलेला, पाणी तेलासारखं, किनारा कुठल्या बाजूला तेही कळेना. क्लूनी म्हणाला, "चहाचा थर्मास तू परत..." आणि थांबला. हातातली दोरी सुटून पाण्यात गेली. लिअँडर, तो माझ्यासमोर मेला. डोळे उघडे होते आणि त्यांत तो नव्हता. मी हाक मारली, तर धुक्यातून तीच हाक उलटी आली, जराशी उशिरा, आणि पुरुषाच्या आवाजात. तेवढ्यात आतून कोणी लाथ घालावी तसा तो उसळला. डबीने झटका दिला होता. माझ्याकडे बघत त्याने वाक्य पुरं केलं, "...विसरलीस ना?"

होडी वळवून मी अंदाजाने किनाऱ्याकडे निघाले, तेव्हा तो हळूच बोलायला लागला. बाबा होडीच्या पुढच्या टोकाला बसले होते म्हणाला, ओल्या स्वेटरात, त्याच्याकडे पाठ करून. "माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही गं. एवढंच विचारलं, लिअँडर अजून कसा आला नाही?" बाबा त्याच पाण्यावर गेले तेव्हा तू आईच्या पोटात होतास. तुझं नाव तिने नंतर ठेवलं, ते त्यांच्या कानावर कधी पडलंच नाही. हे तुला सांगायचं नाही अशी क्लूनीने मला शपथ घातली होती. ती मोडायची म्हणून हे पत्र. फर्लाँगबाई म्हणतात, रक्त थांबलं की मेंदू असलं काहीबाही दाखवतो. असेल. तरी तू डबी बदलून घे. त्यात काय बिघडू शकतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि ते बघूनच सांगतेय. बिघडलंच तर येऊन तुझ्या उशाशी बसेन. बाबांना थांबायची सवय आहे, त्यांना अजून थांबू दे.

तुझी वहिनी,
डल्सी